डाव्या हाताचा कॉर्नब्रेड

६ फेब्रुवारी १९९६, मंगळवार

डाव्या हाताने लिहिते आहे. जॉर्जेट म्हणाली, रोज पाच ओळी. काय लिहू विचारलं तर म्हणाली, काहीही लिहा. हे काहीही आहे. चार ओळी झाल्या. ही पाचवी.

७ फेब्रुवारी

अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. पान सरकतं, कारण धरायला दुसरा हात नाही. हात आहे, पण मांडीवर पडून असतो, दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा. मॉरीन म्हणाली, मी धरते पान. मी म्हटलं, नको. पानावर डब्बा ठेवला साखरेचा.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जास्त लिहीन, कारण राग आला आहे. रागात हात बरा चालतो.

झटका नऊ जानेवारीला आला. मुलांना शाळेत सोडून, सहा नंबरची बस गॅरेजात उभी करून, चावी खुंटीला लावली आणि तिथेच खाली बसले. सत्तावीस वर्षं टेक्ससमधल्या हॅकबेरी गावच्या शाळेची बस चालवली. लग्न केलं नाही, बस चालवली. बसमध्ये पोरं असताना आला नाही, एवढे देवाचे उपकार. बाकी हिशेब देवाशी नंतर करीन. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि जीभ जाड झाली. डोक्यात वाक्य सरळ असतं, तोंडातून निघताना लोळत निघतं. फोनवर लोक मला दारू प्यायलेली समजतात.

इस्पितळातून घरी आले तर माझी थोरली बहीण मॉरीन लबक शहराहून येऊन बसलेली. 'दोन आठवडे राहते,' म्हणाली. आज तिसरा आठवडा. मॉरीन अडुसष्टची, मी त्रेसष्टची, आणि ती अजून माझ्याशी मी सहाची असल्यासारखी बोलते.

तर आज जॉर्जेट. ही इस्पितळातून मंगळवारी आणि शुक्रवारी येते, हाताचे व्यायाम घ्यायला. पोरगी चांगली आहे, आखूड केसांची, भराभर बोलते. म्हणाली, "मिस प्रूइट, एक ध्येय ठरवू या. तुम्हाला स्वतःच्या हाताने काय करता यायला हवंय? काही जण म्हणतात ब्लाउजची बटणं. काही जण म्हणतात सँडविच."

मी म्हटलं, "कॅसरोल."

"काय?"

"खिम्याचा. वर कॉर्नब्रेड." जीभ लोळली, पण तिला कळलं.

मॉरीन दारातून हसली. "अगं, आधी नीट घास तोंडात घालायला शीक. म्हणे कॅसरोल!"

मला स्वयंपाकातलं एवढंच येतं. बीफचा खिमा, कांदा, तिखट, जिऱ्याची पूड, टोमॅटोचा डबा, घेवड्याचा डबा, वर मक्याच्या पिठाचा थर, वर चीज, आणि ओव्हनमध्ये. कॉर्नब्रेडच्या खोक्यामागे छापलेली कृती होती, तिखट मी वाढवलं. दर शुक्रवारी गॅरेजात न्यायचे. सगळ्या हॅकबेरीत प्रसिद्ध की ओलीटाला एकच पदार्थ येतो आणि तो करायला अक्कल लागत नाही. आंधळ्यालाही जमेल म्हणायचे मी. आता बघू लुळीला जमतो का.

जॉर्जेटने वहीत लिहून घेतलं. म्हणाली, "हा पूर्ण एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय, सुरक्षितपणे केलात, तर मी डॉक्टरांना लिहून देईन की तुम्ही एकट्या राहू शकता."

मॉरीनचं हसणं थांबलं.

१३ फेब्रुवारी

कांदा. एका हाताने कांदा चिरून दाखवा कुणीही. सुरी टेकवली की पळतो. एक फ्रिजखाली गेला. दुसऱ्याला कोपराने दाबला तर सुरी घसरून बाहीत घुसली. बाहीतच, हातात नाही, पण मॉरीनने असा आरडाओरडा केला की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. सुरी काढून घेतली माझ्याकडून. सगळ्या सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्या, जिथे माझा हात पुरत नाही.

"माझं स्वयंपाकघर आहे," मी म्हटलं.

"तर मग तुझ्या स्वयंपाकघरात रक्त सांडू नकोस," ती म्हणाली.

१५ फेब्रुवारी

मॉरीनने बैठकीत तिचं शिवणयंत्र मांडलं. दोन आठवड्यांसाठी शिवणयंत्र कोण आणतं? भिंतीवर तिच्या वारलेल्या नवऱ्याचा फोटोही लावला, बिचाऱ्या हार्लनचा. उन्हाळ्याचे झगेही आणलेत, कपाटात लटकवताना पाहिले. म्हणजे हिने मनाशी पक्कं केलं आहे की मी उन्हाळ्यातही अशीच पडलेली असणार. बहिणीवर एवढाच विश्वास.

तिची पत्रंही आता इथेच येतात. टपालवाल्याने आज तिच्या नावाची तीन दिली. विचारलं तर म्हणाली, "सोयीचं पडतं."

तिच्या गुलाबांचं विचारलं. लबकला तिच्या दारात चौदा गुलाब आहेत, त्यांच्याविषयी ती एरवी तासभर बोलते. आज म्हणाली, "आहेत," आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

१८ फेब्रुवारी, रविवार

गॅसची बटणं गायब.

मॉरीन चर्चला गेली तेव्हा म्हटलं, निदान खिमा परतून बघू. शेगडीपाशी गेले तर चारही बटणं काढलेली, ओव्हनचंही. नुसत्या लोखंडी दांड्या बाहेर आलेल्या, पोराचे दात पडल्यासारख्या. बाई बटणं खिशात घालून प्रार्थनेला गेली होती!

पण मी सत्तावीस वर्षं बस चालवली आहे. रस्त्यावर बस बंद पडली आणि मागे चाळीस पोरं ओरडत असली, तर माणूस मेकॅनिकची वाट बघत बसत नाही. काठी टेकत मागच्या खोलीत गेले, हत्यारांच्या खोक्यातून पक्कड काढली, दांडी पकडली आणि फिरवली. भक्कन पेटला. एवढा आनंद मला बस चालवायचा परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

खिम्याचं पाकीट दातांनी फोडलं. कढईत टाकला. छान आवाज आला, वास आला. मीठ, तिखट, जिरं. कांद्याशिवाय. मग तो हलवताना कढई फिरायला लागली, कारण दांडा धरायला हात नाही. ढवळावं तर कढई शेगडीवर गोल गोल. मी पोटाने दांडा अडवला. तेवढ्यात दार उघडलं. त्या दिवशी पाद्रीबाबांचा घसा बसला होता म्हणे, प्रवचन आखूड झालं.

पुढचं लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी

लिहिते. मॉरीनने मला ढकललं नाही, पण बाजूला घेतलं, पोराला घेतात तसं, आणि गॅस बंद केला. माझा झगा दांड्यापाशी थोडा करपला होता. मला कळलंच नव्हतं, त्या बाजूला कमी जाणवतं.

ती म्हणाली, "तुला जाळून घ्यायचंय? मग मी कुठे जाऊ? सांग, मी कुठे जाऊ?"

मी म्हटलं, "तुझ्या घरी जा!"

तिने पाठ फिरवून कढई उचलली. मला वाटलं, जिंकले. खिमा तिने शेजारच्या कुत्र्याला घातला. संध्याकाळी माझे केस धुतले, नेहमीसारखे. पाणी अगदी बेताचं कोमट होतं. तेवढं तिला जमतं, हे मान्य करावं लागेल.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

जॉर्जेटला सगळं सांगितलं. तिने मला झापलं आणि मॉरीनलाही. मला म्हणाली, पक्कड पुन्हा दिसली तर येणं बंद. मॉरीनला म्हणाली, "बटणं परत लावा, सुऱ्या खाली काढा, बाई. घाबरून माणूस बरं होत नाही."

मॉरीनने खिशातून एकेक बटण काढून टेबलावर ठेवलं. नाक वर करून.

जॉर्जेटने एक फळी आणली आहे. तिच्यात दोन स्टीलचे खिळे उभे ठोकलेले. कांदा त्या खिळ्यांवर रोवायचा. मग तो पळत नाही. भांड्याखाली ओलं फडकं ठेवायचं, मग भांडं सरकत नाही. कढईचा दांडा शेगडीच्या कोपऱ्यात अडकवायला तिने एक लोखंडी कडी दिली. आणि चाकांची छोटी ट्रॉली, कारण एका हातात काठी असली की दुसऱ्या हातात काही नेता येत नाही, आणि दुसरा हात तर नाहीच.

आज पूर्ण कांदा चिरला. बावीस मिनिटं लागली. तुकडे कुठे अंगठ्याएवढे, कुठे कागदासारखे. रडले. कांद्याने.

१ मार्च, शुक्रवार

युस्टोलिया आली. शाळेच्या खानावळीत ती मुख्य आचारी होती एकोणीस वर्षं, माझ्यासारखीच शब्दाला शब्द देणारी. तिचे आईवडील रिओ ग्रांदे नदीच्या पलीकडून, मेक्सिकोतून आलेले. मला कोमाद्रे म्हणते, म्हणजे जिवाभावाची मैत्रीण, पण माझ्या कॅसरोलवर तिचा जुना राग आहे.

"याला तू मेक्सिकन म्हणतेस, कोमाद्रे? हे मेक्सिकोत कळलं तर ते आपल्या बाजूने कुंपण घालतील."

"तरी दर शुक्रवारी दोनदा घ्यायचीस," मी म्हटलं.

"उपाशी होते. उपाशी माणूस बसचं टायरही खातं."

माझं बोलणं ती एकदाही 'काय?' न म्हणता समजते. तेवढ्यासाठी तिला सगळं माफ.

खरा गुंता तिनेच सोडवला. माझी अडचण ही की भरलेलं जड भांडं एका हाताने ट्रॉलीवरून उचलून ओव्हनच्या आत न्यायचं कसं. जॉर्जेटकडेही उत्तर नव्हतं. युस्टोलिया ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली, विचार करत. मग म्हणाली, "न्यायचं कशाला? रिकामं भांडं आधीच ओव्हनच्या जाळीवर ठेव. जाळी पुढे ओढ. खिमा डावाने एकेक करून त्यात घाल. वरून पीठ जगमधून ओत. मग जाळी ढकल आत, लाकडी चमच्याने. भांडं जाग्यावरून हलतच नाही. आपणच त्याच्याकडे जायचं."

मॉरीन शिवणयंत्रावर होती. यंत्र थांबलं. "आणि बाहेर कसं काढणार?" तिने बैठकीतूनच विचारलं.

"काढायचं कशाला? निवल्यावर तिथूनच वाढायचं," युस्टोलिया म्हणाली.

यंत्र पुन्हा सुरू झालं, जोरात. ती काय शिवते आहे कोण जाणे. पडदे वाटतं. माझ्या खिडक्यांच्या मापाचे.

५ मार्च

वेंडेलचा फोन. मॉरीनचा एकुलता एक, अबिलीनला विमा विकतो. मॉरीन फोनची दोरी ताणून बाथरूममध्ये गेली आणि दार लावून बोलली. मला एवढंच ऐकू आलं: "नाही रे, ती अजून फार आजारी आहे. नाही, नाही, इतक्यात शक्यच नाही."

फार आजारी! तेव्हा मी दोन कांदे चिरून बसले होते, एकूण सतरा मिनिटांत. माझ्या पाठीमागे माझी तब्येत बिघडवते ही बाई.

१२ मार्च

पहिला पूर्ण कॅसरोल केला. युस्टोलिया बघत होती, हात पाठीमागे बांधून, आणि दर दोन मिनिटांनी तोंड उघडून बंद करत होती. तेही तिने मोठ्या मनाने केलं म्हणायचं.

डबे विजेच्या उघडणीने उघडले. अंडं एका हाताने फोडायला मला आधीपासून येत होतं, गॅरेजातल्या पैजेत शिकले होते. पण बोटं थकलेली, कवच आत पडलं. कवचाच्याच तुकड्याने कवच काढलं. पीठ, दूध, अंडं, ढवळलं, ओतलं, ढकललं. दार लावलं आणि खुर्चीत बसले तर अंगाला घामाची आंघोळ.

वरून सोनेरी झाला. सुरी खुपसली तर आतून कच्चं पीठ. मी ओव्हन तापायच्या आधीच सगळं आत घातलं होतं.

मॉरीनने ताटात घेतलं. कच्चा भाग बाजूला न करता खाल्ला. मी वाट बघत होते की आता बोलेल, आता टोमणा मारेल. म्हणाली, "हार्लनला हे आवडायचं." बस.

तिला कळलं असेल की मला वाईट वाटलंय, आणि दया दाखवली. दया मला सहन होत नाही. पुढच्या वेळी असा करीन की तिला दया दाखवायला जागा राहणार नाही.

१७ मार्च, रविवार

मॉरीन चर्चहून आली. दुपारी म्हणाली, "ओलीटा, तू बरी झालीस की काय करणार?"

"माझ्या घरात राहणार. हवं तेव्हा उठणार. उशी हवी तिथे ठेवणार. कुणी मला 'अगं सांभाळ' म्हणणार नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "एकटीला कंटाळा नाही येत?"

मी म्हटलं, "चाळीस वर्षं आला नाही."

हे पूर्ण खरं नाही, पण तिला कशाला सांगू?

२२ मार्च, शुक्रवार

आज परीक्षा.

जॉर्जेट वही घेऊन कोपऱ्यात बसली. तिने मदत करायची नाही, बोलायचं नाही. मॉरीनला स्वयंपाकघराबाहेर थांबायला सांगितलं, तर ती घराबाहेरच गेली. तिच्या गाडीत जाऊन बसली, काच वर करून. खिडकीतून मला दिसत होती. जाळीमागच्या कोंबडीसारखी ताठ. मी नापास व्हावं म्हणून देवाला साकडं घालत असणार.

ओव्हन आधी लावला. या वेळी विसरले नाही. कांदा खिळ्यांवर, सात मिनिटं. लसूण. कढई कडीत अडकवली. खिमा तपकिरी होईपर्यंत. तिखट, जिरं, मीठ. टोमॅटो, हिरव्या मिरच्यांसकट. घेवडा, मक्याचे दाणे. शिजू दिलं.

मध्ये एक गोष्ट झाली. भांडं पुसायचं फडकं शेगडीजवळ राहिलं होतं, कोपरा ज्योतीपासून चार बोटांवर. माझ्या उजव्या बाजूला, जिथे मला कमी कळतं. जॉर्जेटचा श्वास अडकलेला ऐकू आला. मी मान वळवली, पूर्ण, बसचा उजवा आरसा बघायला वळवायची तशी, आणि फडकं दिसलं. उचललं, बेसिनमध्ये टाकलं. त्यानंतर दर मिनिटाला उजवीकडे मान वळवत राहिले. आरसा, रस्ता, आरसा, रस्ता.

डावाने एकेक करत चौदा डाव. पीठ ओतलं. चीज पसरलं. थोडं ओव्हनच्या दारावर सांडलं, सांडू दे. चमच्याने जाळी ढकलली. दार लावलं. पस्तीस मिनिटं आम्ही दोघी ओव्हनच्या दाराकडे बघत बसलो.

बाहेर ओढला तेव्हा कडेने रस्सा खदखदत होता आणि मधोमध कॉर्नब्रेड फुगून तडकला होता, तडकायला हवा तसा. सुरी खुपसली, कोरडी आली.

जॉर्जेटने पोटभर खाल्ला. मग तोंड पुसून म्हणाली, "मिस प्रूइट, सोमवारी पत्र पाठवते."

मी ओरडले. काय ओरडले मलाच कळलं नाही. जीभ लोळली, पण ओरडण्याला शब्द लागत नाहीत.

मॉरीन आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. म्हणे धूळ गेली. आज वारा अजिबात नव्हता. माझा विजय बघवला नाही तिला. मी तिला मुद्दाम मोठा तुकडा वाढला, नाकावर टिच्चून.

२७ मार्च

पत्र आलं. 'स्वतंत्रपणे राहण्यास समर्थ.' डॉक्टरांची सही. फ्रिजवर लावलं, चुंबकाखाली, दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं. रविवारी जेवण ठेवलं आहे. युस्टोलियाला बोलावलं, वेंडेललाही. वेंडेलला मी स्वतः फोन केला. 'मावशी, तू चक्क स्पष्ट बोलतेस' म्हणाला. तो विमेवाला आहे, खोटं बोलणं त्याचा धंदा, पण ऐकून बरं वाटलं.

मॉरीनने शिवणयंत्र पेटीत ठेवलं. पडदे अर्धेच शिवून झालेत. हार्लनचा फोटो उतरवला. मी म्हटलं, "घाई काय आहे?" ती म्हणाली, "आता तुला माझी गरज नाही ना." टोमणा मारते की काय ते कळेना.

३१ मार्च, रविवार

सगळं नीट लिहून ठेवते, हात दुखला तरी.

कॅसरोल मी केला. मोठ्या भांड्यात, दुप्पट. मॉरीनने फक्त टेबल लावलं. वेंडेल सूट घालून आला, फ्रिजवरचं पत्र वाचलं, शिट्टी मारली. "वा मावशी! वा! म्हणजे आईची सुटका झाली."

पहिली वाढणी ओव्हनमधूनच झाली, नेहमीसारखी. सगळे जेवायला बसले. युस्टोलिया म्हणाली, "तिखट बरोबर पडलंय. टेक्ससमधल्या बाईसाठी." वेंडेलने दुसऱ्यांदा मागितलं. मग त्याने कोटाच्या खिशातून एक घडीचा रंगीत कागद काढला आणि ताटाशेजारी उलगडला. अबिलीनमधल्या एका वृद्धनिवासाचा. पिवळी इमारत, समोर कारंजं, बाकावर दोन म्हाताऱ्या दात दाखवत बसलेल्या.

"आई, खोली पहिल्या एप्रिलपासून धरून ठेवली आहे. उद्याच. मावशीचं कळलं तसं लगेच फोन केला मी. आज माझ्याबरोबरच चल."

मी म्हटलं, "कसली खोली? हिचं घर आहे लबकला."

वेंडेलने आईकडे पाहिलं. "तू सांगितलं नाहीस? घर तर नोव्हेंबरात विकलं, मावशी. बाबांच्या आजारपणात गहाण पडलं होतं. आई माझ्याकडे होती, पण आमच्याकडे जागा नाही, आणि आई आणि माझी बायको... म्हणजे, तुला माहीतच आहे. मग तुला झटका आला, तेव्हा आई म्हणाली, ओलीटाला माझी गरज आहे, ती बरी होईपर्यंत तिथे राहते."

नोव्हेंबर. म्हणजे गुलाब गेले, दार गेलं. आणि हिने मला एक अक्षर सांगितलं नाही.

मॉरीन ताटाकडे बघत होती. ही बाई आयुष्यभर माझ्याशी वरच्या पट्टीत बोलली. आज म्हणाली, "कारंजं छान आहे." इतक्या हळू, की युस्टोलियाने काटा खाली ठेवला.

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. वेंडेलचा, कारंज्याचा, तिच्या 'छान'चा. दोन महिने जिच्याशी मी बटणांवरून, सुऱ्यांवरून, पाण्याच्या पेल्यावरून भांडले, ती अशी मान खाली घालून बसलेली मला बघवेना. माझ्याशी भांडायची हिंमत आहे आणि या पोराशी नाही?

युस्टोलिया उठली होती, वेंडेलला दुसऱ्यांदा वाढायला. कपड्याने धरून अख्खं भांडंच ओव्हनमधून उचलून आणलं तिने. "खाली काहीतरी ठेवा लवकर, टेबल जळेल!"

मी काठी घेतली, फ्रिजपाशी गेले, पत्र ओढलं. चुंबक कुठेतरी उडाला. टेबलावर पत्र ठेवलं, डॉक्टरांची सही वर करून. "ठेव यावर."

युस्टोलियाने माझ्याकडे पाहिलं. मग ठेवलं. चर्र झालं.

"मावशी!" वेंडेल ओरडला.

मी म्हटलं, "त्या पत्रात चूक आहे. मी एकटी राहू शकत नाही. मला झग्याची मागची बटणं लावता येत नाहीत. केस धुता येत नाहीत. उजवीकडे काय जळतंय ते मला दिसत नाही. तुझी आई इथे राहते. हे तिचं घर आहे. तो कागद घडी कर आणि खिशात घाल, जेवणाच्या टेबलावर तसले कागद मला चालत नाहीत."

"पण मावशी, खोली धरलीय मी..."

"मग तू राहा तिथे. कारंजं छान आहे."

युस्टोलियाला ठसका लागला. वेंडेल आईकडे वळला. "आई, तुला काय वाटतं?"

मॉरीनने नाक वर केलं. फार दिवसांनी पाहिलं ते नाक. म्हणाली, "मला वाटतं, कॉर्नब्रेडमध्ये मीठ कमी आहे. मी किती वेळा सांगितलं हिला. पण ऐकेल तर शपथ."

वेंडेल चारला गेला. जाताना एका डब्यात कॅसरोल नेला. कागद नेला.

तर मी खोटं बोलले, रविवारी, तेही ईस्टरआधीच्या पाम संडेला. मी एकटी राहू शकते. दोन महिने मी तेच सिद्ध करत होते, सहीनिशी. मॉरीनची लाज राखायला बोलले, दुसरं काही कारण नाही. गंमत म्हणजे एवढं मोठं बोलले आणि जीभ एकदाही अडखळली नाही. वेंडेलने एकदाही 'काय?' म्हटलं नाही. हे जॉर्जेटला विचारायला हवं, असं का होतं ते.

टेबलावर काळा डाग पडला आहे. पत्र जळून मध्ये भोक पडलं. जॉर्जेट रागावेल. रागावू दे.

३ एप्रिल, बुधवार

मॉरीन आणि युस्टोलिया सकाळी पिकअप घेऊन अबिलीनला गेल्या. मॉरीनचं राहिलेलं सामान वेंडेलच्या गॅरेजात आहे, ते आणायला. जाताना मॉरीनने सूचनांची यादी दिली, मी तिच्यासमोर फाडली.

झटक्यानंतर पहिल्यांदा घर दिवसभर एकटीचं. हेच मला हवं होतं. हवं तिथे उशी ठेवली. रेडिओ मोठा लावला, मग बंद केला. रविवारचा उरलेला तुकडा गरम करून खाल्ला. मीठ खरंच कमी होतं, पण हे या वहीच्या बाहेर जाणार नाही. अर्धवट शिवलेला पडदा खिडकीला लावून पाहिला. रंग भयंकर आहे.

साडेचारपर्यंत दोनदा बाहेर जाऊन रस्ता पाहून आले. धूळ उडत होती, वादळ येतंय का ते बघायला. पाचला पुन्हा गेले. मग म्हटलं, आत-बाहेर करण्यापेक्षा इथेच थांबावं, पायाला व्यायाम होतो.

सहाला पाच मिनिटं कमी असताना पिकअप वळणावर दिसली. मागे खोकी, एक आरामखुर्ची आणि फडक्यात मुळं बांधलेला एक गुलाब, लबकच्या चौदांपैकी, वेंडेलच्या दारात लावून वाचवलेला. मॉरीनने गाडी थांबायच्या आत काच खाली केली आणि ओरडली, "एवढ्या वाऱ्यात बाहेर काय उभी राहिलीस, अगं? केव्हापासून उभी आहेस?"

मी म्हटलं, "माझं अंगण आहे. मी वाटेल तेवढी उभी राहीन."